शिकवणीच्या पुढचे पाऊल

९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार. नाशिकच्या कारागृहात तेहतीस वर्षांच्या एका राजबंद्याने आपल्या दिवंगत आईच्या आठवणी लिहावयास घेतल्या. सोमवारी, १३ तारखेच्या पहाटे त्याने लेखणी खाली ठेवली तेव्हा ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा बहुतांश भाग पूर्ण झाला होता. हा राजबंदी म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात साने गुरुजी. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये त्यांनी अध्यापन केले होते, तेथील छात्रालय सांभाळले होते आणि मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात नोकरी सोडून ते कारावासात गेले होते.

आज नव्वद वर्षांहून अधिक काळ लोटला. बेचाळीस रात्रींचे ते पुस्तक मराठी घराघरांत पोहोचले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि देशातील पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. आपल्या समाजातीलही अनेक कुटुंबांच्या कपाटात हे पुस्तक असेल. मुलांवर संस्कार कसे करावेत, हा प्रश्न आज प्रत्येक पालकास पडलेला आहे. त्याचे एक उत्तर आपल्याच नाशिकमध्ये लिहिले गेले आहे. मात्र ते उत्तर जितके गोड वाटते तितकेच अवघडही आहे, आणि व्यापारी कुटुंबांना तर ते विशेष अवघड आहे.

दहा मूल्ये आणि एक घर

आपल्या राज्यातील शाळांमध्ये सकाळच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि बोधकथा यांचा समावेश असतो. मूल्यशिक्षणासाठी दहा मूल्यांची यादी निश्चित केलेली आहे. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती आणि राष्ट्रीय एकात्मता ही ती दहा मूल्ये होत. १९९९ साली शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने मूल्याधिष्ठित शिक्षणाविषयी जो अहवाल दिला, त्यात सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा या पाच मूल्यांवर भर दिला होता. यांपैकी एकाही मूल्याविषयी कोणत्याही धर्माच्या अनुयायास आक्षेप असण्याचे कारण नाही.

राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. विविध धर्मांतील नीतितत्त्वांचा अभ्यास मात्र या निर्बंधात येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. म्हणजेच गीतेतील कर्तव्यबुद्धी, महावीरांची अहिंसा, बुद्धाची करुणा किंवा संतांची समदृष्टी मुलांपर्यंत पोहोचविण्याचा मार्ग शाळेला मोकळा आहे. बीड जिल्ह्यात २००९ साली आरंभ झालेला शांतिलाल मुथ्था यांचा ‘मूल्यवर्धन’ उपक्रम पुढे राज्यातील शासकीय शाळांत पोहोचला, ही आपल्या समाजास भूषणावह गोष्ट आहे.

तरीही शाळेला एक मर्यादा आहेच. शाळा मूल्याचे नाव सांगू शकते, त्यावर गोष्ट सांगू शकते, मुलांकडून एखादी कृती करवून घेऊ शकते. परंतु त्या मूल्यासाठी कोणी किती किंमत मोजली, हे मूल पाहते ते घरात आणि दुकानात. प्रामाणिकपणाचा सुविचार फळ्यावर लिहून आलेला मुलगा सायंकाळी गल्ल्याशेजारी बसून वडिलांचा दूरध्वनी ऐकत असतो, आणि त्याचे खरे मूल्यशिक्षण तेथे चाललेले असते.

आईची पद्धत

श्यामच्या आईचे घर कोकणातील दापोली तालुक्यातील पालगडचे. ते सनातन हिंदू घर. तुळशीवृंदावन, व्रतवैकल्ये, स्तोत्रे, पुराणातील कथा, सोवळेओवळे हे सारे त्या घरात आहे. आपली आगमपरंपरा निराळी, आपली सामायिक-प्रतिक्रमणाची रीत निराळी. तथापि हे पुस्तक वाचताना कोणत्याही श्राविकेस ती आई परकी वाटणार नाही, कारण तिची शिकवण पोथीतून उतरून थेट दिवसाच्या कामात आलेली आहे.

स्नानानंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो. आई आपला पदर धोंड्यावर पसरते आणि त्यावर त्याला पाय ठेवू देते. मग पायांना जसा जपतोस तसा मनालाही जप, असे ती त्याला सांगते. उपदेश एका वाक्याचाच आहे. पण त्याआधी तिने स्वतःचा पदर ओला केलेला आहे. दुसऱ्या एका रात्रीची गोष्ट अळणी भाजीची. भाजीत मीठ पडलेले नाही आणि घरातील कर्ता पुरुष एक शब्दही न बोलता जेवून उठतो. शेवटी आई स्वतः पानावर बसते तेव्हा तिला ते कळते. मुलांना तेथे कोणी संयमाचा पाठ दिलेला नाही. वडिलांचे न बोलणे त्यांनी पाहिले, तेवढे पुरेसे झाले.

या शिकवणीचा आणखी एक धागा लक्षात घेण्याजोगा आहे. नाशिकला येण्यापूर्वी, १९३२ साली, साने गुरुजी धुळ्याच्या कारागृहात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबा भावे तेथे गीतेवर प्रवचन देत आणि गुरुजी ते उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यातूनच सिद्ध झाला. अठरा अध्यायांचे तत्त्वज्ञान ज्या हातांनी लिहून घेतले, त्याच हातांनी पुढच्या वर्षी पदर, भाजी, फुले आणि पत्रावळ यांच्या गोष्टी लिहिल्या. तत्त्वज्ञानाच्या तुलनेत या गोष्टी लहान आहेत, असे त्यांना वाटले नाही. निष्काम कर्म म्हणजे काय, हे मुलाला अळणी भाजीतूनच कळणार, हे त्या शिक्षकास ठाऊक होते.

मोळी आणि अंघोळ

पुस्तकातील एक प्रसंग मात्र विशेष विचार करावयास लावणारा आहे. एक वृद्ध महार स्त्री डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन येत असता ती मोळी खाली पडते. ती पुन्हा डोक्यावर चढविण्यास कोणाचा तरी हात हवा. अस्पृश्य म्हणून कोणी पुढे होत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे आणि घरी येऊन अंघोळ कर. श्याम जातो. लोक त्याला हसतात, टोचून बोलतात. तो मोळी उचलून देतो, घरी येतो आणि अंघोळ करतो.

आईच्या आज्ञेचे येथे दोन भाग आहेत. मोळी उचल, हा पहिला. अंघोळ कर, हा दुसरा. पहिला भाग करुणेचा आहे, दुसरा तिच्या काळाचा. रूढीच्या भिंतीला आईने एक खिंडार पाडले, पण भिंत उभीच ठेवली. तिच्या काळात, तिच्या गावात, एका गृहिणीने तेवढे करणे हेही धैर्यच होते.

हे लिहिले जात असताना नाशिक शहरात काय चालले होते? २ मार्च १९३० पासून पंचवटीतील काळाराम मंदिराच्या द्वारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता. दादासाहेब गायकवाड यांच्यासारखे कार्यकर्ते तो चालवीत होते. हजारो स्त्री-पुरुष दर्शनाचा हक्क मागत होते आणि दरवाजे बंद होते. रोज रामनाम घेणाऱ्या या नगरीत, शबरीची बोरे भक्तिभावाने ऐकणाऱ्या या नगरीत, प्रभू रामचंद्रांच्या दारापर्यंत येण्याची अनुमती सर्वांना नव्हती. हा लढा सुमारे पाच वर्षे चालला. दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवला येथे बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला आणि १९५६ साली नागपुरात तो अमलात आणला.

शबरीची कथा शिकविली गेली नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही. ती प्रत्येक घरात शिकविली गेली होती. परंतु ज्यांनी ती ऐकली त्यांनी तिच्या पुढचे पाऊल टाकले नाही. नीतीची शिकवण तोंडपाठ असूनही समाज कोठे अडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाशिककरांस शोधावे लागणार नाही.

श्यामने मात्र ते पाऊल टाकले. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांसाठी खुले व्हावे म्हणून उपोषण आरंभिले. १० मे रोजी, मंदिर खुले होण्याची निश्चिती झाल्यावर, त्याची सांगता झाली. आईने दिलेल्या आज्ञेतील मोळी त्यांनी जन्मभर उचलली आणि अंघोळ सोडून दिली. यात त्यांनी आईचा शब्द मोडला काय? आईचे मन ज्या दिशेने निघाले होते त्याच दिशेने ते आणखी पुढे गेले, असेच म्हणावे लागेल.

आपल्या समाजाच्या इतिहासातही असा एक तरुण होऊन गेला. कर्मवीर भाऊराव पाटील हे कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मले. कोल्हापुरात शिकत असता ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते उपस्थित राहिले. परत आल्यावर त्यांना अंघोळ करण्यास सांगण्यात आले. त्यांनी ती करण्यास नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. आज आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. परंतु त्या दिवशी त्यांना वसतिगृहाबाहेर काढणारेही धर्मनिष्ठ, शिक्षणप्रेमी आणि सद्हेतूचेच लोक होते. त्यांनी जीवदया शिकविली होती. विद्यार्थ्याने ती त्यांच्या कल्पनेपेक्षा थोडी अधिक मनावर घेतली, इतकेच.

कर्जाची रात्र

व्यापारी कुटुंबांनी या पुस्तकातील आणखी एक भाग थांबून वाचावा, असे वाटते. श्यामचे वडील कर्जबाजारी होतात. सावकाराचा माणूस वसुलीसाठी घरी येतो आणि आईला अपमानकारक बोलतो. पुढे घरावर जप्ती येते, गावात दवंडी फिरते. वाचकांचे डोळे आईसाठी भरून येतात. आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांच्या पेढ्या होत्या. या प्रसंगात आपण केवळ आईच्या बाजूने वाचक म्हणून उभे राहू शकत नाही. ओसरीवर उभा असलेला तो वसुलीचा माणूस कोणाच्या पेढीवरून आला होता, हेही आपल्या मुलांनी विचारले पाहिजे.

दिलेले पैसे परत मागणे हा अन्याय नव्हे. सावकारी भांडवलावाचून त्या काळची शेती चालली नसती, हेही खरे. पण १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे-अहमदनगर भागात पसरला, तेव्हा संतप्त जमावाचे लक्ष प्रामुख्याने होते ते कर्जरोख्यांच्या कागदांवर. ते कागद त्यांनी जाळले. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. घेणे न्याय्य असले तरी ते मागण्याची रीत, हिशेबाचा उघडेपणा आणि समोरच्याची अब्रू यांचे भान सुटले की काय होते, हे आपल्या चोपड्यांच्या इतिहासातच लिहिलेले आहे.

आज चित्र पालटले आहे. आज अनेकदा दुकानच देणेकरी असते. कांदा देऊन गेलेला शेतकरी, द्राक्षांचा हंगाम संपूनही पैशांची वाट पाहणारा बागायतदार, बिल घेऊन तिसऱ्यांदा आलेला छोटा कारागीर, हमालीच्या हिशेबासाठी दाराशी थांबलेला मजूर हे आजच्या काळातील श्यामचे वडील आहेत. संवत्सरीच्या दिवशी आपण शेकडो जणांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवितो. ज्याचे पैसे विनाकारण थकवून ठेवले आहेत, त्यालाही तोच संदेश जातो. तो वाचून त्याला काय वाटत असेल?

आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात तिसऱ्या अणुव्रताचे, म्हणजे अचौर्यव्रताचे, पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन करणे, खोटी वजने-मापे वापरणे आणि अस्सल मालाच्या नावाखाली नक्कल वा भेसळ खपविणे हे ते पाच. जणू बाजारपेठेतील दुकानासमोर उभे राहूनच ही यादी केलेली आहे. यातील पहिला अतिचार आपल्या घरात सहसा घडत नाही. तिसरा मात्र कित्येक घरांत ‘व्यवहार’ या नावाने वावरतो. पाठशाळेत मुलगी हे पाच अतिचार पाठ म्हणते, बक्षीसही मिळविते. शिक्षण पूर्ण करून ती पेढीवर येते तेव्हा तिला दोन प्रकारच्या पावत्या दिसतात. ती विचारते, “बाबा, हे काय?” आणि तिला उत्तर मिळते, “तुला अजून व्यवहार कळत नाही.”

या एका वाक्याने बारा वर्षांची पाठशाळा संपते. मुलीला तेथे दोन गोष्टी कळतात. धर्म पाठ म्हणावयाचा असतो, ही एक. आणि मोठ्यांना प्रश्न विचारावयाचा नसतो, ही दुसरी. पुढे तिने आपल्या मुलांना हीच रीत शिकविली, तर दोष कोणाचा?

मोठ्यांची परीक्षा

मुले ऐकत नाहीत, मोबाईल सोडत नाहीत, प्रवचनाला येत नाहीत, ही तक्रार प्रत्येक मेळाव्यात कानी येते. तक्रारीत तथ्य आहे. परंतु नैतिक शिक्षणाची परीक्षा नेहमी मुलांचीच घेतली जाते, हेही तितकेच खरे. खरी परीक्षा मोठ्यांची असते, आणि ती मुलाने ऐकले नाही तेव्हा होत नाही. मुलाने आपले म्हणणे पूर्णपणे ऐकले, मनावर घेतले आणि तो आपल्या पुढे गेला, तेव्हा ती होते. अहिंसा शिकलेला मुलगा नोकराशी आपण कोणत्या स्वरात बोलतो याकडे बोट दाखवितो. अपरिग्रह शिकलेली सून लग्नातील खर्चाविषयी शंका काढते. अनेकांतवाद शिकलेला नातू मतभेद झालेल्या भाऊबंदांकडे जाऊन बसतो. अशा वेळी आपण काय करतो? त्याला बोर्डिंगबाहेर काढतो, की आपणही एक पाऊल पुढे टाकतो?

मुलाचा प्रत्येक प्रश्न बरोबरच असेल असे नाही. तरुण वयात घाई असते, अनुभव कमी असतो. पेढी चालविताना नोकरांचे पगार, बँकेचे हप्ते आणि उधारी या साऱ्यांचा मेळ घालावा लागतो, हेही मुलांना समजावून सांगावे. पण समजावून सांगणे निराळे आणि गप्प करणे निराळे. समजावून सांगताना आपल्यालाही हिशेब उघडून दाखवावा लागतो, आणि हिशेब उघडताना कधी कधी आपलीच मान खाली जाते. ती खाली जाऊ देणे हाच संस्कार. श्यामच्या वडिलांची अळणी भाजी आणि आपली ही खाली गेलेली मान यांची योग्यता एकच आहे.

येत्या चातुर्मासात एक प्रयोग करून पाहावा. प्रतिक्रमण आटोपल्यावर रोज एक याप्रमाणे या पुस्तकातील रात्र घरात मोठ्याने वाचावी. बेचाळीस दिवस लागतील. आजोबांनी वाचावे, नातवंडांनी ऐकावे, आणि वाचून झाल्यावर उपदेश कोणी करू नये. प्रश्न विचारण्याची मुभा मात्र सर्वांत लहान मुलालाही असावी. कर्जाची रात्र येईल तेव्हा कुटुंबातील कर्त्या पुरुषाने स्वतः ती वाचावी.

आणि दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी, नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढण्यापूर्वी, मुलांना शेजारी बसवून जुनी वही उघडावी. कोणाचे देणे विनाकारण राहिले आहे, ते पाहावे. गौतमस्वामींचे नाव नव्या पानावर लिहिले जाण्यापूर्वी जुन्या पानावरील ते नाव मुलांच्या हातून पैसे पाठवून मोकळे करावे. ज्याचे पैसे थकले होते त्याच्या दारी मूल स्वतः गेले, तर परतताना त्या घरातील माणसाचा चेहरा त्याच्या लक्षात राहील. पुढे कधी त्यानेच आपल्याला विचारले की बाबा, हे दिवाळीपर्यंत का थांबवून ठेवले होते, तर रागावू नये. मुलगा शिकला, एवढेच समजावे.